नोंदीतले लेणे आणि डोंगरातले लेणे : एका स्थाननिश्चितीचा प्रकरण अभ्यास

रायगड जिल्ह्याच्या पूर्वेला, घाटमाथ्याच्या कड्यांना भिडलेल्या एका जंगली खोऱ्यात कातळात कोरलेले निवासाचे एक लहान लेणे असल्याची नोंद एका जुन्या सरकारी टिपणात आढळते. गावाच्या पूर्वेस सुमारे दीड मैलावर, कड्याच्या मध्यावर, पाण्याच्या टाक्यासह राहण्याच्या दोन-तीन खोल्या आहेत आणि तेथे जाण्याची वाट अवघड आहे, एवढाच त्या नोंदीचा आशय आहे. तिच्यासोबत नकाशा नाही, मोजमाप नाही आणि नंतरच्या कोणत्याही यादीत या लेण्याचा उल्लेख आमच्या पाहण्यात आला नाही. ते लेणे आज नेमके कोठे आहे, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न होता. गावाचे, घाटवाटेचे आणि डोंगराचे नाव या लेखात जाणीवपूर्वक गाळले आहे आणि त्यामागचे कारण पुढे ओघात येईल.

खोऱ्यात चौकशी केल्यावर बहुतेक जण एकाच जागेकडे बोट दाखवतात. गावामागच्या टेकाडाच्या पोटात एक रुंद घळ आहे, तिच्यात शेंदूर फासलेला दगड आहे आणि हौशी भटक्यांच्या बोलण्यात हीच जागा ‘ते लेणे’ म्हणून रूढ झाली आहे. सध्याच्या गावापासूनचे अंतर आणि दिशा नोंदीशी बऱ्यापैकी जुळत असल्यामुळे पुढे शोधण्याचे कोणाला कारणही उरले नव्हते. ही घळ मात्र पूर्णपणे नैसर्गिक आहे. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचलेले असून दोन थरांच्या मधला ठिसूळ, तांबूस मातकट पट्टा झिजून आत गेला की वरचा कठीण कातळ छतासारखा पुढे राहतो आणि अशी घळ तयार होते. तिच्या भिंतींवर छिन्नीची एकही खूण नाही, जमीन बाहेरच्या बाजूला उतरती आहे आणि छताला पावसाळ्यातल्या पाझराचे पांढरे ओघळ आहेत. टाके तर नाहीच. टाके नसेल तर कोकणातल्या उन्हाळ्यात तेथे कोणी वस्ती करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून ही जागा पहिल्याच टप्प्यावर बाद करावी लागली.

नोंद कशापासून मोजली गेली?

जुन्या टिपणांत अंतर आणि दिशा दिलेली असते, पण ती कोणत्या बिंदूपासून मोजली हे गृहीत धरलेले असते. या खोऱ्याच्या परिसरातच त्याचे चांगले उदाहरण आहे. पुरातत्त्व सर्वेक्षणातले हेन्री कझन्स यांनी १८९१ मध्ये ज्या दोन लेणीसमूहांचा अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतला एक तेथे नाडसूरच्या नावाने आला आहे, तर आज सर्वजण त्याला ठाणाळ्याची लेणी म्हणतात. दुसरा समूह अहवालात करसांबळे या रूपात दिसतो, त्याला आज खडसांबळे म्हणतात आणि स्थानिक लोक त्याच लेण्यांना नेणावलीचीही म्हणतात. लेणी जागची हलली नाहीत, फक्त त्यांना ज्या गावाच्या नावाने ओळखायचे ते गाव बदलले. नोंद करणारा अधिकारी त्या काळी ज्या गावात मुक्काम करी किंवा ज्याच्या दप्तरात ती जमीन असे, त्या गावाचे नाव लेण्याला चिकटे आणि जवळची वाडी कागदावर येतच नसे.

आमच्या प्रकरणात नाव बदललेले नव्हते, गावच सरकले होते. सध्याची वस्ती डांबरी रस्त्याला लागून आहे आणि तिच्यातले एकही घर फार जुने नाही. जुने गावठाण पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी चढावर होते. रस्ता झाला, त्यापाठोपाठ शाळा आणि नळपाणी योजना आली आणि घरे एकेक करून खाली आली. वर आता कारवीच्या झुडपांत बुडालेली जोती, एक मोडकी चौथऱ्याची भिंत, ओळीने उभी असलेली म्हातारी आंब्याची झाडे आणि जमिनीत अर्धा गाडला गेलेला एक वीरगळ शिल्लक आहे. ग्रामदेवतेची पालखी मात्र वर्षातून एकदा अजूनही तेथवर नेली जाते, त्यामुळे ती जागा गावात सर्वांना ठाऊक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरही गावाचे नाव वरच्या जागीच छापलेले दिसते.

मोजणीचा बिंदू असा मागे नेल्यावर दीड मैलाचे, म्हणजे साधारण २.४ किलोमीटरचे टोक समोरच्या टेकाडावर न पडता मुख्य कड्यापासून फुटून आलेल्या एका सोंडेच्या आतल्या अंगाला पडते. गावातून पाहणाऱ्याला हे अंग दिसतच नाही. येथे दोन खबरदाऱ्या घेणे भाग होते. जुन्या नोंदीतले अंतर वाटेने चाललेले आहे की नकाशावर सरळ रेषेत मोजलेले आहे हे कळत नाही आणि डोंगरात या दोहोंत निम्म्याचाही फरक पडू शकतो, त्यामुळे शोधाचे क्षेत्र बिंदू न धरता बऱ्यापैकी रुंद पट्टा धरावा लागतो. शिवाय पृथ्वीचा आकार गृहीत धरण्याची जुन्या नकाशांची पद्धत (एव्हरेस्ट गोलाभ) वेगळी आणि मोबाइलमधल्या जीपीएसची (डब्ल्यूजीएस ८४) वेगळी आहे, त्यामुळे जुन्या नकाशावरून अक्षांश-रेखांश थेट उतरवले तर शे-दोनशे मीटरचा फरक सहज पडतो. शे-दोनशे मीटर सपाटीवर क्षुल्लक असतील, कड्यात तेवढ्याने माणूस दुसऱ्याच नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळईत उतरतो. होकायंत्राच्या चुंबकीय उत्तरेबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण आपल्या भागात तो फरक अंशाहूनही कमी असल्यामुळे त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते.

राहण्याच्या गरजा

पट्टा ठरल्यावर त्यात नेमके काय शोधायचे हा प्रश्न उरतो. सरसकट सगळा कडा धुंडाळणे हे श्रमाचे, धोक्याचे आणि बहुधा निष्फळ काम आहे. आमचे मत असे की निवासाचे लेणे शोधताना लेणे बाजूला ठेवावे आणि तेथे राहणाऱ्याला काय लागत होते ते शोधावे. पश्चिम घाटातली सुरुवातीची बौद्ध लेणी कोकणातली बंदरे आणि देशावरची गावे जोडणाऱ्या घाटवाटांच्या आसपास आहेत, हे आता सर्वमान्य आहे. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी भटकंती करून हा संबंध ठळकपणे मांडला होता. नाणेघाटाच्या माथ्यावरचे सातवाहनकालीन लेणे आणि लेख, कोंढाणे, भाजे, कार्ले, जुन्नरभोवतालचे समूह ही सगळी त्याचीच उदाहरणे आहेत. भिक्षूंना भिक्षेसाठी पायी जाऊन परतता येईल एवढ्या अंतरावर वस्ती हवी, खोदकामाला दान देणारे व्यापारी आणि कारागीर जवळून येत-जात असले पाहिजेत, बारमाही पाणी हवे आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी काढता येतील असा कोरडा निवारा हवा. दान देणारे फार मोठे असावे लागत नाहीत, कारण कुड्याच्या लेण्यांतल्या लेखांत माळ्याचे आणि वैद्याच्या कुटुंबाचेही दान नोंदलेले आहे.

या चार गरजांपैकी घाटवाट आणि वस्ती आमच्या पट्ट्यात आधीच होत्या, म्हणून निर्णायक ठरणार होते ते पाणी. लेणी ठरावीक दिशेलाच तोंड करून असतात, असा एक आडाखा भटक्यांत चालतो. त्यावर फारसा भरवसा ठेवू नये. कोकणच्या बाजूचा कडा पश्चिमेकडे पाहतो, पावसाचा मारा नेमका तिकडूनच असतो आणि तरीही कोरणाऱ्यांनी तो स्वीकारला, कारण चांगला कातळ आणि पाणी तेथेच होते.

पाण्याचा माग दोन वाटांनी काढला. पहिली वाट उपग्रहचित्रांची. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेल्या चित्रांत सगळेच हिरवे असते आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांतल्या चित्रांत पानझडी झाडे उघडी पडतात, गवत पिवळे होते आणि कड्याच्या मधल्या पट्टीत कोठे पाझर टिकून असेल तर तेथे हिरव्याचा एखादा ठिपका राहतो. लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते, म्हणून असे ठिपके बहुधा एकाच उंचीवर ओळीने दिसतात. या सोंडेवर ते तसेच दिसले आणि त्या ओळीखाली कड्याच्या मधोमध एक अरुंद, झाडीने भरलेला पदर, म्हणजे कड्यातला आडवा टप्पा, गेलेला दिसला.

दुसरी वाट माणसांची, आणि खरे काम तिनेच केले. डोंगरात गुहा आहे का असे विचारले की शेंदराच्या घळीकडे बोट जाते किंवा पांडवांची गोष्ट ऐकायला मिळते, आणि दोन्ही उत्तरे आपल्या परीने खरीच असतात. आम्ही वरच्या धनगरवाड्यावरच्या एका वयस्क गृहस्थांना गुहेचे काहीच विचारले नाही. वैशाखात शेळ्यांना पाणी कोठे पाजता, एवढेच विचारले. ते म्हणाले, “खालचं झरं आटलं की वरच्या पदरात जातो आमी. थितं खडकात चौकोनी डबरं हाय, मे सरला तरी त्यातलं पानी सरत नाय. गुरं न्हाय चढत, शेरडं चढत्यात.” शेजारी काही बांधकाम आहे का, असे विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढे सांगितले की वळवाचा पाऊस गाठला तर शेरडे कोंडायला बाजूला ‘दोन खणांची जागा’ आहे. बांधकाम नव्हतेच, त्यामुळे त्यांचे उत्तर अगदी काटेकोर होते.

प्रत्यक्ष जागेपर्यंत

हा भाग राखीव वनात येतो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून परवानगी घेतली आणि वनरक्षक सोबत आले. या औपचारिकतेला कंटाळणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की वनरक्षकाला आपल्या बीटातली, म्हणजे नेमून दिलेल्या वनभागातली, प्रत्येक पाणवठ्याची जागा माहीत असते आणि आग्या मोहोळाची पोळी यंदा कोणत्या कड्यावर आहेत हेही तोच सांगू शकतो. सह्याद्रीतल्या कड्यांवर बिबट्यापेक्षा या माश्यांचीच भीती अधिक धरावी. पावसाळा संपल्यावर त्या कड्यांवर येतात आणि उन्हाळाभर असतात, म्हणजे नेमक्या त्याच काळात जेव्हा कारवी वाळून कडा दिसू लागतो. यातून पूर्ण सुटका नाही. पोळी असलेली बाजू टाळणे, अत्तर किंवा तीव्र वासाचे काही न लावणे, धूर आणि आरडाओरडा न करणे, एवढेच हाती असते. ड्रोन उडवून काम झटपट होईल अशी सूचना गटातून आली होती. पोळ्यांसमोर आणि शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांसमोर फिरणारे घोंघावते यंत्र हा शुद्ध अविचार आहे, शिवाय वनक्षेत्रात त्याला वेगळी परवानगी लागते, म्हणून ती सूचना तेथेच सोडून दिली.

चढण्याआधी समोरच्या डोंगराच्या धारेवर बसून दुर्बिणीतून कडा न्याहाळला. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग कड्याखालच्या रानात दिवस घालवतात. सोंडेचे हे अंग नैऋत्येकडे पाहते, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन तिरपे आत शिरते आणि खोलगट भागांच्या सावल्या स्पष्ट होतात. नैसर्गिक कपारीची सावली आडवी, लांबट आणि कडेला विरत जाणारी असते, कारण ती थरांच्या रेषेने झिजलेली असते. कोरलेल्या दाराची सावली त्या रेषेला छेदून उभी राहते आणि तिची निदान एक कड सरळ असते. धनगरबाबांनी सांगितलेल्या पदराच्या दक्षिण टोकाला झाडीच्या फटीतून अशी एक उभी कड दिसली. तिच्या डाव्या बाजूचा कातळ ढासळलेला होता आणि खाली मोठाल्या शिळांची घसरण होती. लेण्याचा दर्शनी भाग कोसळला असेल तर असेच दिसावे. समोरच्या दोन ओळखीच्या सुळक्यांवरून होकायंत्राने त्या जागेचे कोन घेतले, कारण कड्याला चिकटून उभे राहिल्यावर अर्धे आकाश झाकले जाते आणि जीपीएसचे आकडे दगडावरून परावर्तित होणाऱ्या संकेतांमुळे भरकटतात.

खालून थेट चढाई करायची नाही हे पाहताक्षणी ठरले, कारण घसरणीतल्या शिळा अजून डगमगत होत्या. शेळ्यांची वाट उत्तरेकडून नाळेने वर येऊन पदरावर आडवी जाते, तीच धरली. एका ठिकाणी पदर तुटून जेमतेम पाऊल मावेल एवढा उरतो. तेथे जाड झाडाच्या बुंध्याला दोर बांधला आणि कातळात मेख ठोकण्याचा विचारही केला नाही. त्याच तुटक जागी, मातीने भरलेल्या तीन-चार खोदीव पावठ्या हाताला लागल्या. पाऊल तिरके ठेवता येईल अशा बेताने त्या कोरलेल्या आहेत, म्हणजे शेळ्यांची वाट ही मुळात माणसांचीच वाट होती.

लेणे लहान आहे. पुढे कधीकाळी ओसरी होती, तिच्या छताचा थोडासा भाग उजव्या कोपऱ्यात शिल्लक आहे. मागच्या भिंतीत तीन दारे असून पहिल्या खोलीची दर्शनी भिंत दारासकट खाली गेली आहे, मधली खोली शाबूत आहे आणि तिसरी अर्धवट सोडलेली आहे. मधली खोली साधारण सात फूट चौरस असून आत शिरल्यावर डावीकडे भिंतीला लागून दगडातच राखलेला झोपण्याचा ओटा आहे. उंबऱ्याच्या कातळात आणि वर छताला लाकडी दार ज्यावर फिरते त्या कुसवाचे खळगे समोरासमोर आहेत, त्यांपैकी खालचा बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागतो, म्हणजे हे दार बराच काळ उघडझाप होत होते. तिसऱ्या खोलीत छिन्नीचे तिरपे, आखूड घाव ताजे वाटावेत इतके स्वच्छ आहेत आणि मागच्या भिंतीत ठिसूळ शिर लागल्याचे दिसते. काम बहुधा तिच्यामुळेच थांबले असावे. भिंतींवर काजळी आहे, जमिनीवर लेंड्यांचा थर आहे आणि छताला वटवाघळे आहेत. लेख कोठेही आढळला नाही.

टाके ओसरीच्या दक्षिणेला, पाझराच्या बरोबर खाली आहे. तोंड चौकोनी असून आत ते रुंद होत जाते आणि कडेने कोरलेली बारीक पन्हळ वरून ओघळणारे पाणी थेट आत आणते. तळाशी बराच गाळ आहे. तेथे आलेल्या प्रत्येकाचा हात हा गाळ उपसण्यासाठी शिवशिवतो, आणि महाराष्ट्रात गडांवरची टाकी साफ करण्याची उत्साही परंपरा पाहता यावर स्पष्ट बोलणे जरूर आहे. वापरात असलेले पाणी स्वच्छ ठेवणे वेगळे आणि कधीही न उकरलेल्या टाक्यातला गाळ फावड्याने बाहेर फेकणे वेगळे. खापरे, मणी, नाणी, जळके लाकूड असे जे काही या जागेचा काळ सांगू शकेल ते त्या गाळात थरांच्या क्रमाने पडून असण्याची शक्यता आहे आणि तो क्रम एकदा विस्कटला की वस्तू हाती आल्या तरी त्यांचे सांगणे संपते. आम्ही गाळाला हात लावला नाही. एक खापराचा तुकडा टाक्याच्या काठावर उघडा पडला होता, त्याचे मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन तो तेथेच ठेवला. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटेल, पण त्यामुळे जवळपास प्रत्येक वस्तू कायद्याच्या कक्षेत येते हेही खरे.

ओळख कितपत पक्की?

नोंदीतले लेणे हेच, असे म्हणायला पुढील आधार आहेत. जुन्या गावठाणापासूनचे सरळ अंतर दीड मैलाच्या अगदी जवळ आहे, दिशा पूर्वेकडे किंचित दक्षिणेला झुकलेली आहे, कड्याच्या मध्यावरची जागा, टाके आणि अवघड वाट जुळते. ‘दोन-तीन खोल्या’ हा संदिग्ध शब्दप्रयोगही तिसरी खोली अपुरी असल्याने नीट उलगडतो. आसपासच्या पदरावर दुसरी कोरीव जागा नाही, हे शेळ्यांची वाट जाते तेथवर तपासले आहे, पण वाटेच्या पलीकडचा भाग तपासलेला नाही.

काळाबद्दल इतके ठाम बोलता येत नाही. खोलीत राखलेला दगडी ओटा सातवाहनकाळातल्या सुरुवातीच्या विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासलेण्यांत, सर्रास दिसतो आणि पुढच्या काळात मागे पडतो. साधेपणा, मूर्तींचा अभाव आणि घाटवाटेशी असलेली जवळीक याही गोष्टी त्याच बाजूला झुकतात. तरीही लेखाशिवाय आणि उत्खननाशिवाय शतक सांगणे म्हणजे अंदाजाला आकड्याचा मुलामा देणे होय, म्हणून अहवालात ‘प्रारंभिक बौद्ध विहाराच्या धर्तीचे निवासस्थान’ एवढेच लिहिले.

‘शोध लावला’ हा शब्दही अहवालात टाळला. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांना रेल्वेतून मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचे खडक दिसले आणि त्यांनी तेथे जाऊन चित्रित शैलाश्रय उजेडात आणले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण त्या जागेचा उल्लेख स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून १८८८ मध्येच झाला होता आणि तो बौद्ध स्थळ म्हणून झाला होता. वाकणकरांचे मोठेपण तेथे जाऊन जे होते ते ओळखण्यात होते. आमच्या लेण्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या पीत आहेत, त्यामुळे ते ‘अज्ञात’ होते असे म्हणण्यात अर्थ नाही. फक्त कागदावरचे ठिकाण आणि डोंगरातले ठिकाण यांची सांगड तुटली होती.

आराखडा, छायाचित्रे, होकायंत्राचे कोन आणि अक्षांश-रेखांश असा अहवाल राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि वन विभागाला दिला असून लेण्याला संरक्षित दर्जा मिळण्याच्या दृष्टीने तपासणी व्हावी अशी विनंती त्यात केली आहे. राज्याच्या १९६० च्या कायद्यानुसार ते करता येते, मात्र अधिसूचना निघेपर्यंत या जागेला वनक्षेत्राच्या नियमांपलीकडे कसलेही संरक्षण नाही. समाजमाध्यमांवर स्थान एकदा गेले की दोन सुट्ट्यांत पदरावर प्लास्टिक आणि भिंतीवर नावे येतात, ढासळत्या शिळांखाली अपघात होतो तो वेगळाच आणि ज्यांच्या शेळ्यांचे ते पाणी आहे त्यांचीच वाट बंद होण्याची वेळ येते. म्हणून नावे गाळली आहेत. धनगरवाड्यावर जाऊन अहवालात काय लिहिले ते वाचून दाखवले तेव्हा पाण्यावर कुंपण पडणार का, हाच पहिला प्रश्न आला. शेळ्यांचा पाणवठा चालू ठेवूनच जे करायचे ते करावे, असे स्वतंत्र कलम त्यानंतर अहवालाला जोडले. पदराचा उरलेला भाग पावसाळ्यानंतर, पोळी कोठे बसली आहेत ते पाहून, वनरक्षकांसोबत तपासायचा आहे.